गायीच्या ल्युकेमिया विषाणूत आरएनए कसा भरला जातो आणि तो नेमका कसा मोजायचा

विषाणूचा कण फोडून आत किती आरएनए आहे हे मोजणं फार अवघड नाही. तो कमी का निघाला हे सांगणं मात्र अवघड आहे. पेशीत तो आरएनए मुळातच कमी तयार झाला असेल. तयार झाला, पण केंद्रकातून बाहेर पडला नसेल. गॅग, म्हणजे कणाचा सांगाडा बनवणारं प्रथिन, बिघडल्यामुळे कणच कमी बनले असतील. ही तिन्ही कारणं बाद झाली तरच भरणी, म्हणजे पॅकेजिंग, बिघडली असं म्हणता येतं. गायीच्या ल्युकेमिया विषाणूत (पुढे नुसतं बीएलव्ही) ही कारणं वेगळी करणं जास्तच कठीण आहे, आणि त्याचं कारण या विषाणूच्या रचनेतच आहे. ही पद्धत रेणवीय जीवशास्त्रात काम करणाऱ्या, पीसीआर आणि पेशीसंवर्धन येत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

आधी विषाणूची ओळख

गायीगुरांत तीन प्रकारचे रेट्रोव्हायरस प्रामुख्याने अभ्यासले जातात: बीएलव्ही, बोवाइन इम्युनोडेफिशिअन्सी व्हायरस आणि बोवाइन फोमी व्हायरस. फोमी गटाची तऱ्हाच निराळी. त्यांच्यात आरएनएवरून डीएनए बनवण्याचं काम बऱ्याच प्रमाणात कण पेशीबाहेर पडण्याआधीच होतं, त्यामुळे कणात डीएनएही सापडतो आणि खाली दिलेलं गणित त्यांना जसंच्या तसं लागू होत नाही. भरणीच्या संकेतांवर नेटकं काम झालं आहे ते बीएलव्हीवर, म्हणून इथे तोच घेतला आहे.

बीएलव्ही डेल्टारेट्रोव्हायरस गटातला, म्हणजे माणसातल्या एचटीएलव्ही-१ चा जवळचा नातेवाईक. त्याचा जीनोम सुमारे ८,७०० न्यूक्लिओटाइडचा असतो. बाकी रेट्रोव्हायरसप्रमाणेच प्रत्येक कणात या आरएनएच्या दोन प्रती एकमेकींना बिलगून, म्हणजे डायमर होऊन, जातात. पेशीत विषाणूचे आणखीही आरएनए असतात: एकदा स्प्लाइस झालेला (मधला तुकडा कापून जोडलेला) एन्व्ह या आवरणाच्या प्रथिनाचा, दोनदा स्प्लाइस झालेला टॅक्स-रेक्स या नियंत्रक प्रथिनांचा. शिवाय पेशीचे स्वतःचे हजारो आरएनए आहेतच. या गर्दीतून गॅग प्रथिन पूर्ण लांबीचा आरएनए कसा निवडतं, हा भरणीचा प्रश्न.

उत्तराचा पहिला भाग १९९५ मध्ये मिळाला. लुई मान्स्की, हॉवर्ड टेमिन आणि सहकाऱ्यांनी जीनोमचे तुकडे वगळून दाखवलं की बीएलव्हीचा भरणीचा संकेत, ज्याला प्रयोगशाळेत ‘साय’ म्हणतात, सलग नाही. तो दोन भागांत आहे आणि गॅग जनुकाच्या सुरुवातीच्या भागात घुसलेला आहे. १९९८ मध्ये मान्स्कींच्याच पुढच्या कामातून त्याचा आकार समोर आला. मुख्य भागात गॅगच्या स्टार्ट कोडॉनच्या लगेच पुढे दोन स्टेम-लूप (आरएनए स्वतःशीच जुळून झालेली दांडी आणि तिच्या टोकाचा फास), आणि दुय्यम भागात गॅगमध्येच आणखी एक. मुख्य भागातला एक स्टेम-लूप मोडला तर विषाणूची वाढ ७ पटींनी घटली, दोन्ही मोडले तर ४० पटींनी, आणि भरणीतली घटही तशीच होती. स्टेमची दुसरी बाजूही बदलून जोड्या परत जुळवल्या, तेव्हा भरणी मूळपदावर आली. म्हणजे गॅग अक्षरांपेक्षा घडी ओळखतं. एचटीएलव्ही-१ चा तसाच भाग बीएलव्हीत बसवला तरी विषाणू तीन-चतुर्थांश क्षमतेने वाढला, एचटीएलव्ही-२ चा बसवला तर एक-पंचमांश क्षमतेने.

प्रथिनाच्या बाजूने पाहिलं तर न्यूक्लिओकॅप्सिड, म्हणजे गॅगमधला दोन झिंक फिंगर असलेला पी१२ भाग, अपेक्षेप्रमाणे महत्त्वाचा ठरला. गॅगच्याच मॅट्रिक्स भागातली धनभारित अमिनो आम्लंसुद्धा भरणीला लागतात, हे २००३ मध्ये दिसून आलं. ती अॅलानिन किंवा ग्लायसिनने बदलली की भरणी घटते, दुसऱ्या धनभारित आम्लाने बदलली तर घटत नाही. गॅगचं पेशीपटलाकडे जाणं मात्र या बदलांनी बिघडत नाही.

आता अडचण बघा. संकेत मॅट्रिक्सच्या जनुकातच आहे, आणि मॅट्रिक्स प्रथिन स्वतः भरणीला लागतं. तिथला एक स्टेम मोडायला गेलात तर नकळत प्रथिनही बदलतं, आणि कणातला आरएनए घटला तर दोष कुणाचा हे कळत नाही. म्हणून अख्खा विषाणू वापरण्याऐवजी प्रथिन देणारं प्लाझमिड आणि भरला जाणारा आरएनए देणारं प्लाझमिड वेगवेगळी ठेवा.

पहिली पायरी: प्लाझमिड

मदतनीस प्लाझमिड फक्त गॅग, किंवा गॅग-प्रोटिएज-पोल बनवेल. त्यातला गॅग कोडॉन बदलून घेतलेला हवा. त्याने दोन गोष्टी साधतात: प्रथिन तेच राहतं पण स्टेम-लूप मोडतात, त्यामुळे मदतनीसाचा स्वतःचा आरएनए कणात शिरून स्पर्धा करत नाही, आणि तो केंद्रकाबाहेर पडायला रेक्सवर, म्हणजे स्प्लाइस न झालेला आरएनए बाहेर नेणाऱ्या विषाणूच्या प्रथिनावर, फारसा अवलंबून राहत नाही. एक सावधगिरी लागते. पोल तयार होताना रायबोसोम जिथे चौकट बदलतो, तो भाग मूळ अक्षरांतच ठेवा, नाहीतर पोल मिळणारच नाही.

वाहक प्लाझमिडमध्ये ५’ टोकाला विषाणूचा यू३ (दोन्ही टोकांच्या एलटीआरचे यू३, आर आणि यू५ असे तीन भाग असतात) काढून त्या जागी सीएमव्ही प्रमोटर बसवा, पण प्रतिलेखन नेमकं आर भागाच्या पहिल्या अक्षरापासूनच सुरू झालं पाहिजे. पुढे दहा-बारा जादा अक्षरं लागली तरी ५’ टोकाची घडी बदलू शकते. त्यानंतर यू५, प्रोलिन टीआरएनए जिथे बसतो ती जागा, लीडर, आणि गॅगचा मॅट्रिक्सपर्यंतचा संपूर्ण भाग ठेवा. अर्धवट मॅट्रिक्स प्रथिन बनून गोंधळ घालू नये म्हणून काहीजण स्टार्ट कोडॉनच उडवतात. ते टाळा, कारण तो स्टेम-लूपच्या अगदी शेजारी आहे. संकेताचा दुय्यम भाग संपल्यावर चौकटीत स्टॉप कोडॉन घालणं जास्त सुरक्षित. अर्धवट प्रथिन तरीही बनेल, पण ते मूळ आणि उत्परिवर्ती दोन्हींत सारखंच बनेल अशी रचना करता येते.

बीएलव्हीचा पहिला स्प्लाइस डोनर आर भागातच असतो, त्यामुळे आर सोडून साय संकेताचा सगळा भाग फक्त स्प्लाइस न झालेल्या आरएनएत राहतो. तो आरएनए केंद्रकाबाहेर यायला रेक्स लागतो, आणि रेक्स ज्यावर बसतो तो भाग ३’ टोकाच्या आरमध्ये आहे. म्हणून ३’ एलटीआर पूर्ण ठेवा आणि रेक्स देणारं तिसरं प्लाझमिड सोबत घाला. किंवा मेसन-फायझर मंकी व्हायरसचा सीटीई, म्हणजे रेक्सशिवायच आरएनए केंद्रकाबाहेर नेणारा तुकडा, वाहकात बसवा. रेक्स विसरलात तर कण उत्तम बनतात, आरएनए मिळत नाही, आणि निष्कर्ष ‘भरणी शून्य’ असा चुकीचा निघतो.

दुसरी पायरी: उत्परिवर्तनं

५’ टोकाची पहिली ८०० ते १,००० अक्षरं आरएनएफोल्ड किंवा एमफोल्ड या घडीचा अंदाज देणाऱ्या प्रोग्राममध्ये ३७ अंशांवर टाका. एकाच घडीवर विसंबू नका. तुकड्याची लांबी बदलून तीन-चार वेळा चालवा आणि प्रत्येक वेळी टिकणारे स्टेम पक्के धरा.

एका स्टेमसाठी किमान तीन उत्परिवर्ती लागतात: डावी बाजू बदललेला, उजवी बाजू बदललेला, आणि दोन्ही बदलून जोड्या पुन्हा जुळवलेला. मधल्या चार-पाच जोड्या बदलणं पुरेसं असतं. तिसरा उत्परिवर्ती नसेल तर प्रयोग अपुरा समजा, कारण पहिल्या दोघांतली घट अक्षरं बदलल्यामुळे झाली की घडी मोडल्यामुळे, हे त्याच्याशिवाय ठरत नाही. प्रत्येक नवा क्रम पुन्हा घडी घालून बघा. बदललेली अक्षरं शेजारच्याच लूपशी जुळून भलताच स्टेम उभा राहणं ही नेहमीची चूक आहे. जी-यू जोडीही लक्षात ठेवा: जी-सी मधल्या सी चा यू केला तर स्टेम कमकुवत होतो, मोडत नाही.

तिसरी पायरी: कण तयार करणं

संसर्गित गायीच्या रक्तातून थेट कण गोळा करायच्या भानगडीत पडू नका. शरीरात हा विषाणू बहुतेक वेळ लिम्फोसाइटच्या डीएनएत गप्प बसलेला असतो आणि प्लाझ्मात कण जवळपास मिळत नाहीत. जिवंत विषाणू हवाच असेल तर एफएलके-बीएलव्ही ही मेंढीच्या भ्रूणाच्या मूत्रपिंडापासूनची, कायम संसर्गित पेशींची जात कण सतत सोडत असते. उत्परिवर्ती तपासायला मात्र २९३टी पेशी सोयीच्या.

१० सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये आदल्या दिवशी ३५ लाख पेशी टाका. दुसऱ्या दिवशी त्या ६० ते ७० टक्के जागा व्यापतील. एका प्लेटला एकूण १० मायक्रोग्रॅम डीएनए: मदतनीस ४, वाहक ४, रेक्स १, आणि ट्रान्सफेक्शन किती झालं हे दाखवणारं ल्युसिफरेज प्लाझमिड १. त्याला पीईआय (डीएनए पेशीत नेणारं रसायन) ३० मायक्रोग्रॅम. सहा ते आठ तासांनी माध्यम काढा, कोमट पीबीएसने हलक्या हाताने दोनदा धुवा आणि ताजं १० मिलिलिटर माध्यम घाला. हे धुणं टाळू नका. पेशींत न शिरलेलं प्लाझमिड पुढे क्यूपीसीआरमध्ये आरएनएच्या वेषात हजर होतं. २९३टी पेशी चटकन सुटून येतात, म्हणून पीबीएस प्लेटच्या भिंतीवरून सोडा.

सोबत तीन प्लेट नियंत्रणाच्या ठेवा: साय पूर्ण वगळलेला वाहक, झिंक फिंगरमधली सिस्टीन बदललेला गॅग, आणि गॅगशिवाय नुसता वाहक. तिसरी प्लेट सहसा गाळली जाते, पण पेशी मरताना किंवा सूक्ष्म पिशव्या सोडताना किती आरएनए बाहेर टाकतात हे तीच दाखवते. तिथला आकडा मूळ प्लेटच्या ५ टक्क्यांवर गेला तर पुढची मोजणी थांबवून पेशी का मरताहेत ते आधी बघा.

पुनर्संयोजित डीएनएचं काम असल्यामुळे सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी घ्या. २९३टी मानवी पेशी आहेत, म्हणून काम दुसऱ्या पातळीच्या सुरक्षेत.

चौथी पायरी: कण गोळा करणं

४८ तासांनी माध्यम काढून ५०० जी वर १० मिनिटं फिरवा, मग ०.४५ मायक्रोमीटरच्या पीईएस गाळणीतून गाळा. नायट्रोसेल्युलोजची गाळणी कण धरून ठेवते. ०.२२ ची गाळणीही नको.

सेंट्रिफ्यूजच्या १२-१३ मिलिलिटरच्या नळीत तळाला २ मिलिलिटर २० टक्के साखरेचं द्रावण (पीबीएसमध्ये सुक्रोज आणि १ मिलिमोलर ईडीटीए), त्यावर ९ ते १० मिलिलिटर गाळलेलं माध्यम सावकाश सोडा. १ लाख जी, ४ अंश, २ तास. गाळ डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून नळीची बाहेरची बाजू आधीच खुणेने दाखवून ठेवा. द्रव ओता, नळी उलटी ठेवूनच कडा टिश्यूने टिपा, १०० मायक्रोलिटर पीबीएस घालून अर्धा तास बर्फावर ठेवा आणि मग पिपेटने हलवा. फेस येऊ देऊ नका.

२० मायक्रोलिटर गॅगच्या मोजणीला आणि ८० आरएनएला. दोन्ही एकाच गाळातून आले पाहिजेत. वेगवेगळ्या प्लेटमधून घेतले तर गुणोत्तराला अर्थ उरत नाही.

पाचवी पायरी: कणातला आरएनए

कण फोडण्याआधी त्यांच्या बाहेर चिकटलेला डीएनए घालवा: मॅग्नेशियम ५ मिलिमोलर, डीएनेज, ३७ अंश, ३० मिनिटं. बाहेरचा आरएनएही काढायचा असेल तर आरएनेज ए वापरू नका. तो मागाहून निष्क्रिय करणं कठीण, आणि कण फुटताक्षणी आतलाच आरएनए खातो. मायक्रोकॉकल न्यूक्लिएज कॅल्शियमशिवाय चालत नाही, त्यामुळे ईजीटीए घातला की थांबतो.

आता कण फोडणारं द्रावण घाला आणि त्यातच दोन गोष्टी मिसळा: थोडासा आरएनए हरवू नये म्हणून साथीला ग्लायकोजेन किंवा यीस्टचा टीआरएनए, आणि ल्युसिफरेजच्या कृत्रिम आरएनएच्या १० लाख प्रती. ट्रान्सफेक्शनसाठी फायरफ्लाय ल्युसिफरेज वापरलं असेल तर इथे रेनिला घ्या. शेवटी हा आरएनए किती परत मिळाला यावरून प्रत्येक नमुन्याची गळती दुरुस्त करता येते. कणातला आरएनए इतका थोडा असतो की नॅनोड्रॉप जो आकडा दाखवेल तो तुम्ही साथीला घातलेल्या टीआरएनएचा. तो वहीत लिहूही नका.

काढलेल्या आरएनएवर डीएनेजची दुसरी फेरी करा. मग रँडम हेक्सामरने सीडीएनए. क्यूपीसीआरचे प्रायमर साय भागाबाहेर पण स्प्लाइस न झालेल्या आरएनएतच असणाऱ्या भागात हवेत, ८० ते १२० जोड्यांचा तुकडा. बदललेल्या स्टेमवरच प्रायमर ठेवला तर मूळ आणि उत्परिवर्ती वेगवेगळ्या क्षमतेने वाढतील. मोजपट्टी प्लाझमिडची न घेता त्याच वाहकापासून टी७ ने बनवलेल्या आरएनएची घ्या, १०० ते १ कोटी प्रतींपर्यंत. उतार उणे ३.१ ते उणे ३.६ मध्ये हवा.

रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याला. तिची सीटी खऱ्या नळीपेक्षा किमान ७ ने जास्त हवी, म्हणजे डीएनएचा वाटा १ टक्क्याखाली राहतो. फरक ३ किंवा ४ चाच असेल तर आकडे वजा करून वेळ मारून नेऊ नका, डीएनेज पुन्हा करा.

सहावी पायरी: पेशीतला आरएनए आणि कणातला गॅग

पेशी खरवडून घ्या. बर्फावर ०.५ टक्के एनपी-४० असलेल्या द्रावणात ५ मिनिटं ठेवा, १,००० जी वर फिरवा. वरचा द्रव म्हणजे सायटोप्लाझम. अख्ख्या पेशीचा आरएनए मोजून भागत नाही, कारण केंद्रकात अडकलेला आरएनए कणांपर्यंत पोचणारच नव्हता. विलगीकरण नीट झालं का हे मॅलॅट१ सारख्या केंद्रकात राहणाऱ्या आरएनएवरून तपासा. विषाणूचा आरएनए जीएपीडीएचशी तुलना करून मांडा.

गॅगसाठी पी२४, म्हणजे गॅगमधला कॅप्सिडचा भाग, ओळखणाऱ्या अँटिबॉडीने वेस्टर्न ब्लॉट करा. बाजारात गायींच्या तपासणीसाठी मिळणारे बीएलव्हीचे एलायझा किट बहुधा गायीच्या रक्तातल्या किंवा दुधातल्या अँटिबॉडी शोधतात, विषाणूचं प्रथिन नव्हे, तेव्हा ते या कामाला आणू नका. ब्लॉटवर मूळ नमुन्याच्या १, १/२, १/४, १/८ अशा पायऱ्या लावा आणि उत्परिवर्तीचा पट्टा त्या सरळ रेषेत बसतो का बघा. पट्टा काळाकुट्ट असेल तर दुपटीचा फरकही दिसत नाही. प्रोटिएज नसेल तर पी२४ ऐवजी न तुटलेल्या गॅगचा सुमारे ४५ किलोडाल्टनचा पट्टा मिळेल. तोही चालतो.

गणित

भरणीची क्षमता = (कणातला आरएनए ÷ कणातला गॅग) ÷ सायटोप्लाझममधला आरएनए. उत्परिवर्तीचा आकडा मूळच्या आकड्याने भागा.

समजा मूळ वाहकात कणातला आरएनए ४० लाख प्रती, गॅग १०० एकक, सायटोप्लाझममध्ये २ लाख प्रती. क्षमता ०.२. उत्परिवर्तीत ६ लाख, ६० एकक आणि दीड लाख. क्षमता ०.०६७. म्हणजे मूळच्या एक-तृतीयांश. नुसता कणातला आरएनए बघितला असता तर घट साडेसहा पटींहून जास्त वाटली असती. त्यातली सुमारे सव्वादोन पटींची घट भरणीबाहेरची होती.

स्पर्धा, म्हणजे अधिक काटेकोर तपासणी

वेगवेगळ्या प्लेटची तुलना करण्यापेक्षा मूळ आणि उत्परिवर्ती वाहक एकाच पेशीत घालणं कितीतरी चांगलं. दोघांत २० अक्षरांची वेगळी खूण ठेवा, डीएनए समान घाला, आणि कणातलं गुणोत्तर सायटोप्लाझममधल्या गुणोत्तराने भागा. गॅग सामायिक असल्यामुळे ब्लॉटची चूक गणितातून निघूनच जाते. गॅग तोकडा पडेल इतकाच द्या. तो भरपूर झाला की गॅग पेशीतला मिळेल तो आरएनए उचलतो आणि फरक पुसट होतो.

यात एक फसवी जागा आहे. आरएनए जोडीने भरला जातो, त्यामुळे डायमर होण्याची क्षमता शाबूत असलेला उत्परिवर्ती मूळ आरएनएचा हात धरून आत शिरू शकतो. एकट्याने भरताना १० पट घट आणि स्पर्धेत फक्त ३ पट, असा उलटा निकाल आला तर प्रयोग चुकला असं समजून फेकू नका. आधी डायमर तपासा.

त्यासाठी ५’ टोकाचा आरएनए टी७ ने बनवा. पाण्यात ९५ अंशांवर २ मिनिटं, लगेच बर्फावर २ मिनिटं, मग ट्रिस ५० (पीएच ७.५), पोटॅशियम क्लोराइड १००, मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर असं द्रावण घालून ३७ अंशांवर अर्धा तास. फॉर्मामाइड किंवा एसडीएस नसलेला लोडिंग डाय घाला आणि १.५ टक्के अॅगरोज जेलवर ४ अंशांत चालवा. एक जेल मॅग्नेशियम असलेल्या ट्रिस-बोरेटमध्ये आणि एक नेहमीच्या टीबीईत. टीबीईतला ईडीटीए मॅग्नेशियम पळवतो, म्हणून सैल डायमर तिथे सुटतात आणि घट्ट डायमर टिकतात. एकच जेल चालवणाऱ्यांना अनेकदा ‘डायमर होतच नाही’ असं वाटतं, त्याचं कारण हेच.

सगळं तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या ट्रान्सफेक्शनने करा. एकाच गाळाच्या तीन क्यूपीसीआर नळ्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्या फक्त पिपेट धरणारा हात किती स्थिर आहे ते सांगतात.